डावीकडे ओढणारी जीप

रीलमध्ये जुनी जीप चाळीस सेकंदांत नवी होते. पहिल्या पाच सेकंदांत गंजलेला सांगाडा आणि बॉनेटवर बसलेल्या कोंबड्या. मग ग्राइंडरच्या ठिणग्या, मग काळा मॅट रंग, रुंद टायर, टपावर एलईडीची पट्टी, आणि शेवटी हलगीच्या ठेक्यावर स्लो मोशनमध्ये गल्लीतून बाहेर पडणारी गाडी. मी अशी रील्स रात्र-रात्र पाहिली आहेत. त्यातल्या एकातही कुणी जमिनीवर खडूने खुणा करून चासीचं माप घेताना दिसलं नाही. बरोबरच आहे म्हणा. माप घेणारा माणूस दोन तास वाकून बसलेला असतो आणि त्याच्या मागे कुठलंच गाणं शोभत नाही.

आमची जीप महिंद्रा एमएम ५४०. १९८९ची, डिझेल, पेझोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं इंजिन. अंकुशनगरला आमच्या घरामागच्या गोठ्यात ती २०१२पासून उभी होती. अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यात, महाकाळ्याजवळ, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. अंकुशराव टोपेंचं नाव कारखान्यालाही आहे आणि गावालाही. इथे वर्षाचे दोनच ऋतू, हंगाम आणि बिगरहंगाम. हंगामात रात्रभर रस्त्याने ऊस वाहतो, गव्हाणीपाशी ट्रॅक्टरची रांग लागते, आणि मळीचा वास इतका सवयीचा होतो की तो थांबला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

अमेरिकेत 'मसल कार' नावाचं एक वेड आहे. १९६४ साली पॉन्टियाकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं भलंमोठं व्ही-एट इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. बहुतेक लोक मसल कारची गोष्ट तिथून सुरू करतात. आज त्या गाड्या जुन्या बाजारातून उचलून नव्या करणारे हजारो लोक आहेत आणि त्या सगळ्यांना एकच भीती असते. वरून गाडी चकाचक, आणि खालची फ्रेम कुजलेली. तिकडे उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते फ्रेमच्या पोकळीत जाऊन बसतं आणि लोखंड आतून खातं. कुणी आधी अपघात झाकलेला असतो, कुणी गंजावर पत्रा ठोकून वर डांबरासारखा काळा थर मारलेला असतो. गाडी घेणाऱ्याला ते कळतं तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

आपल्याकडे मसल कार नव्हती. आपल्याकडे जीप होती. पोलादाचा व्यापार करायला १९४५मध्ये निघालेल्या कंपनीने १९४७मध्ये विलिसच्या ७५ गाड्या सुट्या भागांत आणल्या आणि तिथून पुढची चार दशकं ग्रामीण महाराष्ट्रात ताकद, वट आणि सरकार या तिन्ही गोष्टी जीपमधूनच उतरायच्या. तहसीलदार जीपमधून, फौजदार जीपमधून, कारखान्याचा शेतकी अधिकारी जीपमधून. ऊसतोडणीचे मुकादमसुद्धा पैसा आला की आधी जीप घ्यायचे, घर नंतर. निवडणुकीत तर विचारूच नका.

मिठाचा प्रश्न आपल्याला नाही. पण आपल्याकडे काळी माती आहे. जीपची चासी शिडीसारखी असते, दोन लांब बाजू आणि मधे आडव्या पट्ट्या. या बाजू काही भागात पन्हाळीसारख्या उघड्या, काही भागात पेटीसारख्या बंद. जायकवाडीचा डावा कालवा आला, ऊस आला, आणि पाणी दिलेल्या रानातून जीपा जाऊ लागल्या. काळी माती एकदा त्या पेटीत घुसली की निघत नाही. वरून वाळते, आतून महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. पाण्याची पाइप मारून गाडी धुतली की आपण खरं तर त्या मातीला पुन्हा पाणी पाजत असतो.

ही जीप अण्णांना विकत मिळाली नव्हती. ऊस वाहतुकीच्या एका ठेकेदाराकडे ते बारा वर्षं ड्रायव्हर होते. २००१ साली त्या माणसाने धंदा गुंडाळला आणि थकलेल्या पगाराच्या बदल्यात जीप दिली. आई म्हणायची, पगार तीन चाकांचा होता, चौथं चाक त्याने दान दिलं. पुढची अकरा वर्षं आम्ही तिच्यातून सगळीकडे गेलो. अंबडला मत्स्योदरी देवीला, जालन्याला दवाखान्यात, मामाच्या गावाला, बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला.

त्या जीपच्या तीन खोडी घरात सगळ्यांना पाठ होत्या. एक, ती डावीकडे ओढायची. अण्णा स्टेअरिंग कायम थोडं उजवीकडे धरून चालवायचे, इतकं की कुणाची दुसरी गाडी चालवली तरी त्यांचा हात तसाच राहायचा. दुसरी, ते चाळीसच्या वर कधी जायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, डिझेल वाचवतात. तिसरी म्हणजे पुढची डावी सीट. तिच्यावर जॅक, पान्ह्यांची पिशवी आणि पाण्याचा कॅन असा संसार कायम मांडलेला. आम्ही भावंडं त्या सीटसाठी भांडायचो. ती कधीच कुणाला मिळाली नाही. आईलाही नाही. आई मागेच बसायची, आणि पाहुण्यांना वाटायचं ही आमच्याकडची रीत असेल.

मागच्या दिवाळीत मी पुण्याहून आलो तेव्हा जीप नवी करायची हे ठरवूनच आलो होतो. खरं सांगायचं तर गिऱ्हाईकही हाताशी होतं. शेजारच्या गावातला एक मुलगा, त्याला स्वतःच्या वरातीसाठी लाल रंगाची उघडी जीप हवी होती. पूर्ण तयार करून दिली तर सव्वादोन लाख देतो म्हणाला. माझा खर्चाचा अंदाज सव्वा लाखाचा होता. उरलेल्यातून घराच्या स्लॅबची गळती काढायची होती. हिशेब सोपा होता.

काम शहागडच्या एका चाचांकडे दिलं. गोदावरीकाठचं गाव, महामार्गाला लागून. चाचांचं आयुष्य ट्रकच्या चासी जोडण्यात गेलेलं. मी मोबाइल काढून त्यांना रंगाचे फोटो दाखवायला लागलो, तर त्यांनी मोबाइल माझ्या खिशात परत घातला.

"रंगाचं नंतर. आधी तिला उघडी कर."

बॉडी उचलायला चार माणसं आणि साखळीचा कप्पा लागला. खाली राहिली ती काळी, चिखलाने भरलेली शिडी. दोन दिवस नुसता चिखल काढला. मग चाचांनी ती चार ठोकळ्यांवर पाणसळीत ठेवली आणि गवंड्याचा ओळंबा मागवला. पाटे जिथे चासीला धरतात त्या प्रत्येक कानाच्या बोल्टपासून ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकेल तिथे फरशीवर खडूने फुली मारायची. अशा फुल्या झाल्या की चासी बाजूला केली तरी तिचा नकाशा जमिनीवर उरतो. मग टेप घेऊन तिरकी मापं घ्यायची, पुढचा डावा ते मागचा उजवा, पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्ही सारखी आली तर चासी काटकोनात आहे. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो.

आमच्या जीपचा फरक १७ मिलिमीटर आला. डावी बाजू मागे सरकली होती. आयताची पतंग झाली होती. वरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही, पण अशी गाडी सरळ रस्त्यावरही थोडी तिरकी पळते, खेकड्यासारखी, आणि स्टेअरिंग धरणाऱ्याला ती जन्मभर एका बाजूला ओढत राहते.

चाचांनी छोटी हातोडी घेतली आणि बाजारात मडकं वाजवून घेतात तशी चासी वाजवत निघाले. टण, टण, टण. पुढच्या डाव्या पाट्याचा मागचा कान आला तिथे आवाज बदलला.

"हे भद वाजतंय," ते म्हणाले.

तिथला काळा थर खरवडला. खाली लांबी निघाली. भिंतीला रंग देण्याआधी भरतात तशी, बोटभर जाड. लांबीच्या खाली वितभर लांबीची चौकोनी लोखंडी पट्टी, चारही बाजूंनी वेल्डिंग केलेली, आणि त्या वेल्डिंगच्या उभ्या कडेला लागून केसाएवढी रेघ. मला ती ओरखड्यासारखी वाटली. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी रेघेवर रॉकेल लावलं, दहा मिनिटं थांबले, कापडाने कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर ओली काळी रेघ उमटू लागली. तड्यात शिरलेलं रॉकेल परत बाहेर येत होतं. रेल्वेच्या कारखान्यांत गाड्यांचे आस पूर्वी याच पद्धतीने तपासायचे. रेघ पट्टीच्या कडेने खाली उतरत, चासीच्या खालच्या ओठापर्यंत गेली होती. जिथे तिने ओठ ओलांडला तिथे मला माझी नखाची कड आत घालता आली.

हा तडा पूर्ण गेला असता तर काय होतं, ते चाचांनी हाताने दाखवलं. पाट्याचा कान सुटतो, पुढचा अॅक्सल एका बाजूने मागे येतो, आणि स्टेअरिंग हातात असूनही गाडी तुमची राहत नाही. त्यांनी डाव्या सीटकडे बोट केलं नाही. पण तो कान बरोबर डाव्या सीटच्या पायाखाली येतो.

संध्याकाळी अण्णा आले. मी फोनवर फक्त "चासी फुटली आहे" एवढंच सांगितलं होतं. ते आले, खडूच्या फुल्या बघितल्या, लांबीचा ढीग बघितला, आणि पट्टीपाशी उकिडवे बसले.

"निघाली का शेवटी," म्हणाले.

मग सांगितलं. १९९७-९८चा हंगाम. रात्रीचे दोन-अडीच. टोळीतली सात माणसं मागे, एका फडातून दुसऱ्या फडात न्यायची होती. "उसाची बैलगाडी होती पुढं. मागं ना दिवा, ना लाल चिंधी. दिसली तेव्हा बैलाचं शेपूट दिसावं इतकी जवळ." त्यांनी डावीकडे काढली आणि चाक कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर गेलं. डाव्या सीटवर एक पोरगा बसला होता, टोळीतलाच, सोळा-सतरा वर्षांचा. त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. बाकीच्यांना मुका मार. ठेकेदाराने पोराला दवाखान्यात नेलं, उचलीतून खर्च कापला, आणि जीप दुसऱ्या दिवशी एका वेल्डरकडे पाठवली. हंगाम भरात होता, चासी सरळ करायला वेळ नव्हता. पट्टी मारा, वर लांबी भरा, काळा मारा. चौथ्या दिवशी अण्णा परत तीच जीप घेऊन फडात.

उसाच्या गाड्यांचा हा अंधार अजून पुरता गेलेला नाही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि पोलीस बैलगाड्यांना, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम घेतात, आणि दर हंगामात कुणीतरी अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून धडकतं.

"मग आपल्याला दिली तेव्हा का नाही काढली?" मी विचारलं.

"कशानं काढणार? सहा महिन्यांचा पगार त्यात होता. चासी काढायची म्हणजे गाडी भंगारात. भंगाराचे किती आले असते?" थोडं थांबून म्हणाले, "चाळीसच्या वर नेली नाही मी कधी. आणि तिथं कुणाला बसू दिलं नाही."

यावर मला बोलायला काही सुचलं नाही. राग आला होता हे खरं. बहिणीला ताप चढला होता तेव्हा भर पावसात याच जीपमधून जालना गाठलं होतं. मागे आम्ही चौघं होतो. अकरा वर्षं एक माणूस रोज एका तड्यावर बसून गाडी चालवत होता, त्याला ते माहीत होतं, आणि आम्ही मागे गाण्याच्या भेंड्या खेळत होतो. पण पगाराच्या ऐवजी फुटकी जीप देणाऱ्या माणसाचं नाव मी अजून आदराने घेत होतो, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. तेव्हापासून घेत नाही.

आता करायचं काय? चाचांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, भंगार. जालना हे सळईचं शहर. तिथल्या भट्ट्या भंगार वितळवून घराच्या सळया ओततात. म्हणजे पोलादाच्या व्यापाऱ्यांनी सुरू केलेली गाडी परत पोलाद होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली असती, आमच्या गळक्या स्लॅबमध्ये नाही एवढंच.

दुसरी, दुसऱ्या जीपची चासी आणून वर आपली बॉडी चढवायची. इथे कायदा आडवा येतो. इंजिन बदलता येतं, बॉडी रंगवता येते, पण कागदावर गाडीची ओळख चासीवर ठोकलेला नंबर असते. नोंदणीच्या वेळी त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो छाप फाइलला लावतात. परवानगीशिवाय चासी बदलली तर कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी दोन वेगळ्या होतात. गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर स्पष्ट सांगितलं आहे. रील्समधल्या निम्म्या जीपा त्या निकालापुढे टिकणार नाहीत. एका एजंटाने मला त्यावरही तोड सुचवली. जुन्या चासीचा नंबर असलेला तुकडा कापायचा आणि नव्या चासीवर जोडायचा. चोरीच्या गाड्या अशाच पचवतात. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तो धंदा माझ्या दारात नको."

तिसरी वाट, हीच चासी नीट करायची. आमचं नशीब एवढंच की नंबर तड्यापासून लांब, शाबूत होता.

सात दिवस लागले. जुनी पट्टी कापून काढली. ती का फुटली हे तेव्हा कळलं. पट्टीच्या उभ्या कडा चासीला आडव्या छेदत वेल्ड केल्या होत्या. वेल्डच्या शेजारचं लोखंड कडक होतं, आणि चासी प्रत्येक खड्ड्यात थोडी लवत असते. लवचिक आणि कडक यांच्या मधोमध एक सरळ रेघ आखून दिली की लोखंड त्या रेघेवरच फुटतं. म्हणून चाचांनी नवी पट्टी कापली ती दोन्ही टोकांना निमुळती, लांबट शंकरपाळ्यासारखी, आणि वरच्या-खालच्या ओठाच्या कडेला वेल्ड अजिबात नेलं नाही.

पण पट्टी नंतर. आधी चासी ओढायची. एक टोक जमिनीत पुरलेल्या कड्याला बांधलं, दुसरीकडे साखळी आणि हायड्रॉलिक जॅक. गॅसने लाल करून वाकवणं सोपं असतं, पण तापवलेलं लोखंड मऊ पडतं. म्हणून सगळं थंडच ओढलं. दर वेळी हवं त्यापेक्षा थोडं जास्त, कारण जॅक सोडला की लोखंड थोडं मागे येतं. ओढा, सोडा, ओळंबा, खडू, टेप. १७चे ११ झाले, ११चे ६. चौथ्या दिवशी ३ मिलिमीटरवर चाचा थांबले. मी म्हटलं शून्य करू. ते म्हणाले, "कंपनीतून निघाली तेव्हा शून्य होती, असं कुणी सांगितलं तुला?"

मग तड्याच्या दोन्ही टोकांना छोटी भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे पळायचा थांबतो. तडा ग्राइंडरने इंग्रजी व्हीसारखा उघडला. गेटला वापरतात तो ६०१३चा रॉड त्यांनी घेतला नाही, ७०१८चा घेतला. त्याला दमट हवा चालत नाही, म्हणून चाचांच्या दुकानात एक बंद पडलेला फ्रिज आहे, त्यात बल्ब लावून रॉड कोरडे ठेवतात. फ्रिजमध्ये उब ठेवणारं मी पाहिलेलं हे एकमेव दुकान. वेल्ड थंड झाल्यावर पुन्हा रॉकेल आणि खडू. पूड पांढरीच राहिली.

वरातीचा मुलगा मधेच येऊन गेला. मी त्याला पट्टी दाखवली, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, रंग दिल्यावर दिसणार आहे का? एका दिवसाचा तर प्रश्न आहे." त्याच्या जागी मी असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो. किंमतही त्याने कमी केली नाही. उत्तर अण्णांनी दिलं. "वरात काढायची तर ये घेऊन जायला, मी चालवीन. विकायची न्हाई." तो पुन्हा आला नाही. स्लॅब अजून गळतोय.

चासीला काळा रंग दिला नाही. चाचांच्या सांगण्यावरून आधी रेड ऑक्साइड आणि वर फिकट राखाडी दिला. शर्यतीच्या गाड्यांचे सांगाडेही अनेकदा फिकट रंगवतात, कारण फिकट रंगावर नवा तडा लगेच दिसतो. लांबीचा तर कणही नाही. ज्यांनी खाली वाकून बघितलं ते सगळे म्हणाले की काम अर्धवट दिसतंय. ठिपके-ठिपके दिसतं खरं. वेल्डचे खवले मोजता येतात.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि आमची केव्हाच संपली होती. फी, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड मिळून जो आकडा झाला तो आईला अजून सांगितलेला नाही. तपासणीच्या दिवशी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. आकडे एकेक करून वर आले, थोडे पुसट, पण सगळे.

पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा रॉकेल-खडू कर, असं चाचांनी बजावलं होतं. अण्णांनी तीनशेवरच केलं, मला न विचारता. फोनवर फक्त पांढऱ्या पुडीचा फोटो आला. जीप आता सरळ जाते. अण्णांचा हात मात्र अजून उजवीकडेच ओढतो, त्यामुळे ती आता उजवीकडे जाते आणि आई मागून ओरडते. पुढच्या डाव्या सीटवरचा जॅक मी उचलून मागे ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो परत तिथेच, पान्ह्यांच्या पिशवीसकट.